कटआउट चिकटलेला वाडगा

"हॅलो?… हॅलो, कोण?… हां मीनल, बोल. थांब गं, खरखर येतेय. वायर हलवते जरा… हां, आता बोल."

स्वप्नालीने रिसीव्हर खांद्या-कानात दाबला आणि डाळीखालचा गॅस बारीक केला. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्याला त्यांची दोन खोल्यांची जागा. फोन, गॅस आणि सासूबाई, तिन्ही हाताच्या अंतरावर. सासूबाई, म्हणजे कौसाबाई, पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. एरवी त्यांच्या कानाशी ढोल बडवला तरी ऐकू जायचा नाही, पण फोन वाजला की कान लख्ख उघडायचे. मीनल ही स्वप्नालीची बदलापूरच्या मातीकामाच्या क्लासातली मैत्रीण. दोघी एकाच चाकावर बसून शिकल्या. आता मीनल मुंबईत एका गॅलरीत नोकरीला होती, आणि तिथेच आज पाच वाजता नव्या लोकांच्या मातीकामाचं प्रदर्शन उघडायचं होतं. त्यात स्वप्नालीचे तीन वाडगे होते.

"मांडलेत का?… कसे दिसतात?… मधोमध? वेगळ्या स्टँडवर?… कुठला, निळा?… तो? अगं, तो कशाला! तो तर मी टाकूनच देत होते, तूच म्हणालीस पाठव म्हणून… परीक्षक काय म्हणाले?… परत सांग… नाही, ऐकलं मी, पण परत सांग."

तिने डाळीकडे पाठ केली.

"पहिला नंबर? माझा?… आणि मग बक्षिसाचे ते दोन महिने पण मलाच?… तिथेच काम करायचं, राहायचं, जेवायचं त्यांच्याकडे… आणि भट्टी?… माझी एकटीची? अख्खी?"

पाण्याशिवाय कोळीण आणि भट्टीशिवाय कुंभारीण, दोघींचे हाल सारखेच. तीन वर्षं स्वप्नाली घरात वाडगे घडवत होती, पलंगाखाली वाळवत होती. पण भाजायचे कुठे? तर नरेंद्रच्या कंपनीत. नरेंद्र तिचा नवरा. एमआयडीसीत विजेच्या फ्यूजची चिनीमातीची कटआउट्स बनवणारी कंपनी होती, तिथे तो भट्टीवर. ट्रॉलीवर कच्ची कटआउट्स रचायची आणि भट्टीत ढकलायची हे त्याचं काम. सेकंड शिफ्टला माणसं कमी असत. तेव्हा डब्याच्या पिशवीतून बायकोचे एक-दोन वाडगे न्यायचे, रांगेत फट बघून ठेवायचे आणि दोन दिवसांनी गुपचूप घरी आणायचे. बारा वर्षांत त्याला साधा मेमो नव्हता, आणि ही गोष्ट घरातली दोघं सोडून कुणाला ठाऊक नव्हती.

"हो हो, ऐकतेय… शेजारी पट्टी लावलीय? काय लिहिलंय, वाच ना… हं… स्वप्नाली नरेंद्र… हं, अंबरनाथ… हं…"

तिचा हात चमच्यावरच थांबला.

"थांब. थांब मीनल. हे कुठून आलं?… माझ्या फॉर्ममधून?… कंपनीचं नावसुद्धा?"

फॉर्मवर एक रकाना होता: भाजणी कुठे आणि कशी केली. बाईला शाळेपासून सवय, उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचं आणि खरं लिहायचं. तिने लिहून टाकलं, अमुक कंपनीच्या भट्टीत, सेकंड शिफ्टला, कटआउट्सच्या ट्रॉलीवर, पतीच्या मदतीने. परीक्षेला बसल्यासारखं सुवाच्य अक्षरात. फॉर्म पोस्टात टाकला आणि विसरून गेली.

"काढ ते… आत्ता काढ, मी फोनवर थांबते… अगं मला विचारायचं ना छापायच्या आधी… हो गं बाई, मीच लिहिलं. अक्कल गहाण टाकली होती मी… नाही मीनल, एवढंसं नाही ते. चोरी आहे. कंपनीच्या भाषेत चोरीच… माती माझी असेना का, आग त्यांची ना? मागच्या वर्षी एकाने घरचा मिक्सर आत नेऊन वाइंडिंग करून घेतला, दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर होता तो… नाही, युनियन-बिनियन कोणी आलं नाही… काढलीस? फाड. पर्समध्ये नको, फाडून टाक… हुश्श. जीव गेला होता माझा."

कौसाबाईंनी सूप खाली ठेवून, कोण गेलं म्हणून विचारलं.

"कोणी नाही हो आई, मीनलशी बोलतेय… हां, बोल. आणि उद्घाटनाला कोण?… कोण?… आमच्या कंपनीचे? मोठे साहेब?… त्यांचा काय संबंध?… कार्डांचा नि चहापाण्याचा खर्च त्यांनी दिलाय… म्हणजे चिनीमातीवर प्रेम म्हणून. वा. बरं झालं पट्टी फाडलीस…"

बोलता बोलता तिला तो वाडगा आठवला. पट्टी फाडता येते, वाडग्याचं काय करणार? भट्टीत शेजारच्या रांगेतलं एक कटआउट कलंडलं होतं आणि वितळलेल्या ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपात, वाडग्याच्या काठाला कायमचं चिकटून बसलं होतं. नरेंद्रने तो घरी आणला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. फुकट गेला म्हणाला. आणि परीक्षकांना नेमकं तेच आवडलं होतं.

"मीनल, एक काम कर. त्या वाडग्याला ते चिकटलंय ना, त्याच्यावर अक्षरं आहेत का बघ. आतल्या अंगाला… उजेडात ने… आहेत?… पूर्ण वाचता येतात?… अरे देवा. शिक्का असतो गं प्रत्येक नगावर. कसं सुचलं नाही मला."

तिने गॅस बंद केला. "उचल तो तिथून. माझे दुसरे दोन राहू देत… का नाही?… रजिस्टरला असला म्हणून काय झालं… परीक्षक येणारच ना पाचला, विचारतील… मागे करून ठेव मग. भिंतीकडे तोंड… चारी बाजूंनी बघायचा असतो, कळलं… काय? फोटो? कसल्या कार्डावर?"

आमंत्रणाचं कार्ड तिला अजून मिळालं नव्हतं. पोस्टमन दोन दिवस फिरकला नव्हता.

"पुढच्या पानावर? एवढा मोठा?… खाली माझं नावपण?… अक्षरं दिसतात का फोटोत?… नुसता पांढरा तुकडा दिसतो. नक्की?… अगं पण ती माणसं आहेत कटआउटवाली. आपला माल अंधारात चाचपून ओळखतील… साहेबांना कार्ड कधी गेलं?… काल. काल कधी?… दुपारी."

तिने घड्याळ बघितलं. पावणेबारा. नरेंद्र फर्स्ट शिफ्टला, सातपासून आत. मोबाइल गेटवर जमा. टाइम ऑफिसात फोन करून निरोप तरी काय ठेवायचा, की जपून रहा? नाही तिथे बोभाटा. तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नाही, कदाचित बघितलं पण नसेल त्यांनी. मोठी माणसं कार्डं कुठे उघडतात… हो ना?… फोटोत डाग आहे म्हणून खपेल. पण पाचला ते वाडगा हातात घेणार, आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या कंपनीचं नाव वाचणार… मीनल, ऐक. मी काय सांगते ते ऐक आधी."

कौसाबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून ती कोपऱ्यात भिंतीला चिकटली.

"फोड तो… हो, शुद्धीवर आहे मी… हातातून निसटला म्हण. पुसताना पडला म्हण. मातीची वस्तू आहे, पडते… गेले ते दोन महिने खड्ड्यात. भट्टी काय करू मी, चुलीत घालू? घर ह्यांच्या पगारावर उभंय, पोरगी तिसरीत आहे… माहितीय गं, तुझ्यावर येईल. तुझे पाय धरते मी… नाही, रडत नाहीये… सगळ्यात चांगला आहे, मला कळतं ते. म्हणूनच तर… जा तू. फोन ठेवू नकोस, टेबलावर ठेव नुसता. मला ऐकू दे."

पलीकडे टेबलावर रिसीव्हर टेकल्याचा आवाज आला, मग चपला लांब गेल्या. स्वप्नालीने डोळे मिटले. आपल्याच लेकराला दुसऱ्याच्या हातून मार द्यायला लावल्यासारखं तिला झालं होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. नरेंद्र. कंपनीच्या खाकी कपड्यात, बुटांसकट आत आलेला. बूट घालून तो कधी उंबरा ओलांडत नसे.

"अहो… एवढ्यात?… बरं नाही का?… बिल्ला कुठाय तुमचा?"

शर्टाच्या खिशाला नुसती क्लिप लोंबत होती. तो आईशेजारी पलंगावर बसला.

"काढून घेतला? कोणी?… कार्ड होतं साहेबांच्या टेबलावर… आणि तुम्ही काय म्हणालात?… सुपरवायझर हळूच सांगत होते, भंगारातलं कटआउट होतं म्हणा? मग म्हणायचं तसं… वाडगा बायकोचा, भट्टीत लावला मी… असंच म्हणालात? तोंडावर?… सस्पेंड म्हणजे किती दिवस?… सांगितलं नाही."

ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली, फोनची वायर ताणून. आता हा बोलेल, ओरडेल, तीन वर्षांचं सगळं काढेल, असं तिला वाटलं. तो भलतंच काहीतरी बोलला.

"काय?… फोटो?… चांगला आलाय?… टेबलाच्या अलीकडून बघितलात? उलटा दिसला असेल की… तरी?"

मग हातातल्या फोनची तिला शुद्ध आली.

"मीनल! मीनल, फोडू नकोस… हॅलो? कोणी आहे का तिथे?… हॅलो, मीनलला थांबवा कोणीतरी… मीनल…"

कोणी नव्हतं. टेबलावर ठेव म्हणून तिनेच तर सांगितलं होतं. लांब कुठेतरी काहीतरी खणकलं. कौसाबाई काय झालं, काय झालं करत उठल्या आणि नरेंद्र उभा राहिला. कितीतरी वेळाने चपला जवळ आल्या.

"हॅलो… हां, मी आहे. काय केलंस?… बोल ना… मग ते खणकलं काय?… चहाचे कप. आणि वाडगा?… हातातच आहे? मघापासून?… नाही झाला धीर… नाही गं, शिव्या कशाला देऊ. खाली ठेव. दोन्ही हातांनी धर, त्या तुकड्याला धरून उचलू नकोस… स्टँडवर, होता तिथे… हो, साहेबांनाही बघू दे… समजलं गं त्यांना. सकाळीच… नंतर सांगते. भीती वाटतेय… येते. पाचला ना?… दोघंही येतो… अगं, आता कुठली शिफ्ट ह्यांना."