खालच्या शेताचा रकाना

नाही हो ताई, दोन्ही शेतांचं एकत्र नका लिहू, वरचं वेगळं, खालचं वेगळं — भात आहे दोन्हीकडे, मान्य, पण भात म्हणजे काय एकच असतं? तुमच्या पीकपाहणीच्या मोबाईलात एकच रकाना आहे त्याला मी काय करू! बसा नीट, त्या खांबाला टेकू नका, ओल आलीय त्याला, कपडे खराब होतील. हं. तर वरच्या शेतात हळवं भात. हळवं म्हणजे लवकर येणारं, तीन-साडेतीन महिन्यांत हातात. वरची माती पातळ, मुरमाड, पाऊस थांबला की आठ दिवसांत फरशीसारखी टणक — तिथे लवकर येणारंच लावायचं, जास्त वाट बघायला लावणारं लावलं की फसलात. आणि खालचं शेत काळं, चिकट, पाय घातला की चप्पल ठेवून घेतं. पाऊस गेला तरी महिनाभर ओल धरून बसतं, म्हणून तिथे गरवं, पाच महिने घेणारं. सावकाश येतं, पण दाणा बघावा! आणि ते कापलं की त्याच ओलीवर हरभरा फेकायचा, वरून पाण्याचा थेंब द्यावा लागत नाही. हो, ते रब्बीत लिहा. उन्हाळी? उन्हाळ्यात आम्हीच करपतो, पीक कुठलं करता! जिरायती लिहा, पावसावरची. झरा आहे वरच्या शेताच्या कडेला, पण त्याला सिंचन म्हणू नका, तो पावसाळ्यापुरता पाहुणा — पाऊस संपला की महिन्याभरात तोही तोंड लपवतो.

वरचं माझ्या नावावर. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून. खालचं — खालचं माझ्या जावेचं. धाकटीचं. नाही, इथे नसते ती, दोन वर्षं झाली, लेकीकडे असते शहरात, गुडघे गेले तिचे. कसतं कोण? लिहा की नंतर, तो रकाना राहू द्या ना जरा, लाल चांदणी आली म्हणून काय मोबाईल पळून जातोय? पुढचं विचारा.

बियाणं? घरचं. सासूबाईंपासून चालत आलेलं, दोन्ही घरचंच. आणि त्या बियाण्यावरूनच तर चूल वेगळी झाली आमची, आता विचारलंतच म्हणून सांगते. तेव्हा एकत्र होतो, दोघे भाऊ, दोघी जावा, एक स्वयंपाकघर. बियाण्याची दोन पोती कोपऱ्यात, एक हळव्याचं, एक गरव्याचं. आणि पेरणीच्या वेळी धाकटीने गरवं म्हणून हळवं दिलं का हळवं म्हणून गरवं दिलं, थोडं यातलं थोडं त्यातलं — मिसळलं सगळं. रोप असताना काय कळतंय? हिरवं ते हिरवं. कळलं कापणीला. अर्धं शेत पिवळं, अर्धं हिरवंगार, तेही पट्ट्यापट्ट्याने नाही, एका ओळीत शेजारी शेजारी. कापावं तर कोवळं वाया जातं, थांबावं तर पिकलेलं झडून जातं. मी तिला म्हटलं, "मुद्दाम केलंस तू हे." ती म्हणाली, "जाऊबाई, पोती जागेवर नव्हती, मला कसं कळावं कुठलं कुठलं?" मग शब्दाने शब्द वाढत गेला, ती बोलली, मी बोलले, भाऊ भाऊ बोलले, आणि दिवाळं निघाल्यासारखं सगळं वाटलं गेलं — वरचं आम्हाला, खालचं त्यांना, मधला बांध सामाईक. बोलणं बंद. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा वर्षं. एकाच विहिरीवर पाणी भरायचो आणि तोंडं विरुद्ध दिशांना. पोती हलवली होती कुणी? मी. छप्पर गळत होतं म्हणून मीच हलवली होती, खूण करायची राहिली. पण ते तेव्हा कुठे आठवायला! आठवलं असतं तरी — जाऊ दे.

पिकाचं नुकसान? हो, तेही विचारतात का? मागच्या पाच वर्षांतलं फक्त. मग माझं त्यात बसत नाही. ते फार जुनं, अबोल्याचं सहावं वर्ष होतं. लावणी होऊन महिना उलटला आणि पावसाने पाठ फिरवली, बावीस दिवस उघडीप. तुम्ही शहरातल्या ना, तुम्हाला उघडीप म्हणजे बरं वाटत असेल, कपडे वाळतात. इथे बावीस दिवस आभाळ स्वच्छ म्हणजे जीव टांगणीला. माझं हळवं पोटरीत आलेलं — पोटरी म्हणजे कणीस अजून आत, ताटाच्या पोटात, अगदी गरोदर बाईसारखं, त्या वेळी पाणी नसलं की कणीस पोचट. पण मला झरा होता. बारीक का होईना, चालू होता. आणि माझं भरलं की उरलेलं पाणी बांधाच्या तोंडातून खाली धाकटीच्या शेतात उतरायचं, सासऱ्यांच्या काळापासून तसंच. तर त्या वर्षी ते पाणी खाली गेलं नाही. हरभऱ्याला पुरते ती ओल भाताला पुरत नाही; भेगा पडल्या तिच्या शेताला, हात आत जाईल एवढ्या. पात्यांच्या सुरळ्या झाल्या. ती रोज यायची, बांधावर उभी राहायची, बघायची आणि जायची. विचारायला तोंड नव्हतं ना आमच्यात! माझ्या पिकाला गरज होती हो, पोटरीत होतं, आई आधी आपल्या पोराला नाही का पाजत? असं मी स्वतःला म्हणायचे.

पाणी घोट्याएवढं होतं माझ्या शेतात.

काय बघता? घोट्याएवढं होतं, सांगितलं ना. बोटभर खाली सोडलं असतं तरी माझ्या एका लोंबीचं काही बिघडलं नसतं. ते आपोआप जातच होतं, मला काही करायचं नव्हतं, नुसतं राहू द्यायचं होतं. मी भर दुपारी गेले, सगळे जेवून पडलेले, आणि बांधाचं तोंड चिखलाने लिंपलं. दगड घातला, वर चिखल, वर पुन्हा चिखल, आणि तळहाताने थापून थापून नीट केलं — एवढं नीट मी माझी भिंत लिंपली नसेल. ह्यांनाही सांगितलं नाही. पाऊस आला तेविसाव्या दिवशी, पण खालचं अर्ध्याच्या वर गेलं होतं. त्या वर्षी धाकटीच्या घरात भात विकत आणलं, घरचं शेत असून. पोती उतरताना मी खिडकीतून पाहिलं. हे नका लिहू कुठे.

पाणी घेता का? नको तर नको. पाऊस वाढतोय, जरा थांबाच. — मग काय, तीन वर्षं गेली. आणि माझी पाळी आली. रोपं अशी वीतभर झालेली, चार दिवसांत उपटून लावायची, आणि एका पहाटे ढगफुटीसारखा कोसळला. मागची टेकडी आहे ना, ती खरडून निघाली, माझ्या रोपांवर दगडगोटे आणि मुरूम, गुडघाभर. एक पातं वर दिसेना. पुन्हा पेरायचं तर महिना जातो, तोवर हंगाम हातचा गेलेला. आमचे हे डोक्याला हात लावून ओट्यावर, मी हाताने दगड उचलतेय, वेड्यासारखी, उचलून काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेले तर बांधावर रोपांच्या जुड्या. ओळीने मांडलेल्या, मुळं खालच्या बाजूला पाण्यात बुडवलेली, वर ओलं पोतं झाकलेलं. मोजल्या मी, एकशे चाळीस. माझं वरचं शेत लावायला एकशे तीस लागतात. तिला माहीत होतं ना! आणि लांब तिच्या शेतात पाठमोरी वाकलेली ती, लावणी करतेय. मी हाक मारली नाही. तिनेही मान वर केली नाही. गरवी रोपं होती ती, वर माझ्याकडे नीट येणार नव्हतीच, शेवटी पाणी कमी पडलं, बरीच पोचट निघाली — पण वर्षाचं खायला झालं. त्यानंतर विहिरीवर "सरका जरा", "घ्या आधी तुम्ही" एवढं सुरू झालं. पुढे दोन वर्षांनी भाऊजी गेले, तिचा नवरा, तेव्हा मी तिच्या घरात पहिल्यांदा पाय ठेवला. मग बोलू लागलो. मिरची, लोणचं, गुडघे — ह्याच्यावर. त्याच्यावर नाही.

तिला न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मात्र मला राहवेना. सामान चढलं, लेक पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, ही मागे खुर्चीवर, मांडीवर गाठोडं. मी टेम्पोचा दांडा धरला आणि म्हटलं, "धाकटे, त्या उघडिपीच्या वर्षी बांधाचं तोंड मी बंद केलं होतं." ती म्हणाली, "माहीत आहे." मी म्हटलं, "कसं?" तर म्हणते, "चिखलावर तुमचा हात उमटला होता ना. तर्जनी अर्धी." — हे बघा, हे. विळ्याने गेलंय, लग्नाच्या आधीच. उभ्या गावात अशी बोटं एकाच बाईची. म्हणजे तिने तेव्हाच पाहिलं होतं, त्याच आठवड्यात. रोज बांधावर येऊन उभी राहायची ती पिकाकडे बघत नव्हती. मग एका लाथेने फोडायचं होतं की ते, ओला चिखल तो! मी विचारलं, "मग रोपं का दिलीस गं? माहीत असून?" तर काय म्हणावं तिने? "उरली होती. फेकायची कशाला?" आणि टेम्पो सुरू झाला. शिवी दिली असती ताई, तर मी घरी येऊन जेवले असते. चार गोष्टी सुनावायच्या, आई-बाप काढायचे, फिटलं असतं. उरली होती म्हणे! तिच्या शेताचा खालचा कोपरा त्या वर्षी मोकळा राहिला होता, मी पाहिला होता माझ्या डोळ्यांनी.

तर तुमचा तो रकाना. कसतं कोण — मी कसते. दोन वर्षं. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्रेसष्ट वय आहे माझं, माझं वरचंच मला जड होतं, मुलगा फोनवर ओरडतो की आई, एक शेत झेपत नाही आणि दुसरं कुठे घेतेस अंगावर. त्याला काय सांगू? चिखलणीला माणूस मिळतो, पण लावणीला बायका मिळत नाहीत आता, सगळ्या कारखान्यात जातात, मग एकटीच वाकते, कंबर रात्री अशी धरते की कूस वळता येत नाही. दर रविवारी ती फोन करते. विचारते, "माझ्या शेतात गवत किती वाढलं?" मी सांगते, "गुडघ्याएवढं." आणि खालचं भात झालं की तिच्या लेकीकडे धाडून देते, सगळं, मूठभर ठेवत नाही — माझ्या शेतातलं म्हणून, मला जास्त झालं म्हणून. मोठी हुशार मी! ज्या बाईने आयुष्यभर गरवं पिकवलं तिला मी गरव्याचा दाणा पाठवून म्हणते, माझ्या मुरमाड शेतातला आहे. पहिल्याच पोत्याला ओळखलं असणार तिने. दोन वर्षं तरीही गवताचीच चौकशी.

काल फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मी घाबरले. म्हणाली, "जाऊबाई, यंदा माझं शेत राहू द्या." मी म्हटलं, "राहू द्या म्हणजे? गवतच तर आहे." ती हसली. हसली हो, किती वर्षांनी ऐकलं. म्हणाली, "मग गवतच राहू द्या. खरंखुरं. तुमचे गुडघे आहेत अजून, तेवढे तरी सांभाळा. पुरे झालं आता." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "ऐकताय ना? पुरे झालं." आणि ठेवला. सकाळपासून मी इथेच बसलेय ताई, तुम्ही आलात तेव्हाही. रोपं तयार आहेत खालची, पंचवीस दिवसांची, आज लावायची होती. कितीदा उठले. दोन वर्षं मनात म्हणत होते की कुणीतरी म्हणावं पुरे, आणि आता म्हटलं तर हात कुठे ठेवावे कळत नाही.

लिहा, पडीक. हो, खालचं शेत, यंदा पडीक. लिहिलंत? पुन्हा लाल चांदणी? कारण? काय काय आहे त्यात, वाचा बघू. पाण्याचा अभाव — नाही. मजुरांचा अभाव — नाही. मालक गावी नाही — तसं म्हणता येईल, पण नाही, ते कारण नाही. मालकिणीने सांगितलं म्हणून, असं नाही का? मग "इतर" लिहा. आहे ना इतर? तेच लिहा. सही कुठे, इथे काचेवर? बोटाने? सरळ येत नाही, चालतंय तर चालू दे.

झालं? मग निघा तुम्ही, उजेड आहे तोवर, ओढ्याला पाणी चढलं की पलीकडेच अडकाल. नाही, रोपांचं बघते मी, कुणाची वाहून गेली असतील तर नेतील. मी बसते जरा. दार ओढून घ्या जाताना.