अण्णांचा अर्धा किलो

खोटं वाटेल तुम्हाला, पण माझाच अजून विश्वास बसत नाहीये.

रविवारी आम्ही दोघे जावई, मी आणि माझा साडू सुरेश, शिवाजीनगरला सासऱ्यांकडे टीव्हीवर बॉक्सिंग बघत बसलो होतो. सुरेश म्हणाला, "चॅम्पियन घाबरून लढत टाळतात, या सगळ्या थापा."

माझं डोकंच फिरलं. "अरे, आपल्या अण्णांनाच टाळलं की!"

अण्णा म्हणजे आमचे सासरे, तरुणपणी बॉक्सर. फायनलच्या सकाळी त्यांचं वजन अर्धा किलो जास्त भरलं आणि तेवढ्यावर बोट ठेवून चॅम्पियनने लढायचं टाळलं, हे सासूबाईंनी मला साखरपुड्यातच सांगितलं होतं. वीस वर्षं मी तेच गावभर सांगतोय.

"नियम म्हणजे नियम," सुरेश म्हणाला.

"अर्ध्या किलोनं काय होतं? टरकला होता तो!"

आवाज चढले, तसा अण्णांनी टीव्हीच बंद केला.

"तो चॅम्पियन म्हणाला होता, थोडंसंच जास्त आहे, असू दे, लढू या. नियम म्हणजे नियम, असं मी म्हणालो."

अण्णा माझ्याकडे वळले.

"वजनाआधी बॉक्सर घोटभर पाणीसुद्धा पीत नाही. मी इडल्या खाऊन गेलो. मुद्दाम. त्याच्या डाव्या हाताचा ठोसा बघितला होता ना मी. सहा इडल्या खाल्ल्या."



तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "आठ. मीच वाढल्या होत्या."