दिसेल तेवढंच

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या डॉक्टरबाई, डोळ्यांच्या विभागातले सर्व कर्मचारी आणि डोळ्यांत थेंब घालून माझ्या बायकोशेजारी बाकावर वाट पाहिलेल्या समस्त सोबत्यांनो,

मला भाषणाची सवय नाही. मी वजनमापे तपासणारा निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांच्या तराजूंशी बोललो, माणसांशी कमीच. घरातलं बोलण्याचं खातं आमच्या हिच्याकडे होतं. ती असती तर आज दोन शब्द तिनेच बोलले असते, आणि दोनावर थांबली नसती. मागच्या वर्षी हृदयविकाराने ती गेली, म्हणून मी उभा आहे.

ही टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. एकदा ऐकलेला नंबर जन्मात विसरत नसे. मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्याला गाठलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी तिला नव्या गोळीच्या चाचणीबद्दल समजावलं. गेलेली नजर ती गोळी परत आणणार नव्हती. आजार पुढे सरकतो तो जरा हळू सरकेल का, एवढंच पाहायचं होतं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार.

ही घरी येऊन म्हणाली, "अहो, माझी खरीच आहे. जिभेवर ठेवली की कळतं."

"गिळायची गोळी चाखतेस कशाला?"

"रोज पोटात घ्यायची, मग ओळख नको का करून घ्यायला?"

मी पाण्याचा पेला पुढे केला.

तपासणीला गेली की ही अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधड वाचायची. डॉक्टरबाई मात्र कोड्यात. पडद्याच्या फोटोत आजार वाढलेला, आणि तक्त्यावर नजर शाबूत! मग एकदा वाचन चालू असतानाच तक्त्यामागचा दिवा गेला. खोलीत मिट्ट काळोख. आणि ही वाचतेच आहे! शेवटची ओळ संपवून म्हणाली, "झालं."

मी दाराशीच बसलो होतो. आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "ऑपरेटरबाई, फोन कुणाला लावताय?"

स्वयंपाक करताना ही काहीतरी पुटपुटायची, ते मी ऐकत होतो. मला वाटायचं, जुने नंबर आठवतेय. ती तक्ता घोकत होती.

डॉक्टरबाई आधी हसल्या, मग चांगल्याच रागावल्या. "का केलंत असं?"

"मी कमी वाचलं की तुमचा चेहरा उतरतो हो. बघवत नाही."

"मला खूश करायला बोलावलं नाही तुम्हाला. दिसेल तेवढंच सांगा. तुम्ही उगाच चांगलं सांगितलंत, तर उद्या कुणीतरी या गोळीवर विसंबून डोळे गमावून बसेल."

तिचं तोवरचं वाचन त्यांनी बाद केलं. एकच तक्ता पुन्हा पुन्हा दाखवला ही आमची चूक, असं स्वतःहून वरच्या समितीला कळवलं. लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं?

घरी जाताना मी थट्टेने म्हटलं, "काटे तपासणाऱ्याच्या बायकोनेच काटा मारला!" ती हसली नाही. पुढच्या तपासणीला तक्ता नवा होता. ती अर्ध्यावर थांबली. "पुढचं नाही दिसत, डॉक्टर." बाहेर आली आणि पायऱ्या उतरताना तिने माझा हात धरला. तोवर कधी धरला नव्हता. म्हणजे सोंग फक्त दवाखान्यात चाललं नव्हतं, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं.

चाचणी संपली. निकाल उघडण्याआधी ही गेली. निकाल लागल्यावर डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या, आणि बसण्याआधीच म्हणाल्या, "त्यांची गोळी साधी होती."

मी विचारलं, "म्हणजे तिचं सगळं फुकट गेलं?"

दुसरं कुणी असतं तर माझं सांत्वन केलं असतं. त्या म्हणाल्या, "खरी गोळी घेणाऱ्यांचा आजार हळू सरकला. पण हळू म्हणजे कुणापेक्षा? साधी गोळी घेणाऱ्या त्यांच्यासारख्यांपेक्षा. त्यांनी खरं सांगितलं म्हणून आज मी छातीठोकपणे बोलू शकते."

मंडळी, हे मला पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही. एका पारड्याने कधी वजन झालंय का? आमची ही दुसऱ्या पारड्यात बसली होती.

आता याच गोळीची आणखी मोठी चाचणी सुरू होत आहे. तिसऱ्या रांगेत माझी मेहुणी बसली आहे, तिने कालच त्यात नाव दिलं. मी विचारलं, "ताईसारखी साधी गोळी वाट्याला आली तर?" ती म्हणाली, "भावोजी, कुणीतरी बसायलाच हवं ना तिथे?" डॉक्टरबाईंच्या जागी येणाऱ्या डॉक्टरांना माझी एकच विनंती. हीसुद्धा त्याच घरची आहे. तक्ता दर वेळी बदला.

डॉक्टरबाई, तुम्ही आम्हाला खोटा धीर कधीच दिला नाहीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचेही आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. मी पाठ करून आलो नव्हतो. दिसलं तेवढंच सांगितलं.