शेठले बर्फ समजावताना

फोनवर कोनाले बर्फ समजावून सांगायची पाळी तुमच्यावर कधी आली का? माह्यावर आली.

वावरात काहीच पिकत नव्हतं, त्या वर्षांत मी वलगाव सोडून अकोल्याच्या एका शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. जोडीले रफिकभाई, दुसरे ड्रायव्हर, लय शांत माणूस. ऐन हिवाळ्यात संत्रा भरून हिमाचलाकडं निघालो, अन् शिमल्याच्या पुढं घाटात बर्फानं रस्ता बंद झाला. सकाळी पाहतो तं टाकीतलं डिझेल तुपावानी गोठलेलं. रफिकभाई गाडीखाली शिरून स्टोव्हनं टाकी शेकून राहिले होते. माही बोटं तं बधिरच झाली होती. तितक्यात शेठचा फोन आला.

"गाडी काहून थांबली?"

"शेठ, बर्फ पडून राहिला."

"मंग वायपर चालू कर न!"

"तसं नाही शेठ, डिझेल गोठलं."

"डिझेल कधी गोठते का बे? सरळ सांग, कोनाले विकलं?"

चोर म्हणून गाडीवरून उतरवलं असतं, तं दुसऱ्या कोन्या मालकानं मले उभं केलं असतं? रफिकभाई गाडीखालून निघाले अन् त्यायनं माह्या हातातला फोन घेतला. मिशीवर बर्फ साचला होता. त्यायचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"शेठ, तुमीच या इथं! आपल्या डोळ्यानं पाहा!"

शेठ म्हने, "मी कसा येऊ, रफिक? अकोल्यात लय थंडी पडून राहिली."