महारुद्राचं जिगर

...आन वर मलाच इचारत्यात, "नागप्पा, तुमी मधी का पडला न्हाय?" अवो, पडू कसा? सख्खं भाऊ ती! थोरला महारुद्र, धाकटा हिंमतराव, माकणीच्या शिवारात दोघांचं रान बांधाला बांध लागून. धाकट्यानं औत मारताना हातभर बांध कोरला, थोरल्यानं त्याच्या पाठीत चाबूक वढला, धाकट्यानं ढेकूळ हाणलं, थोरल्यानं त्याचं दोन दात पाडलं... हितवर ठीक, ह्ये दरसाली व्हायचं! पर तुमाला सांगतो, त्या साली हिंमतरावाच्या हातात कुऱ्हाड घावली. थोरल्याच्या उजव्या बरगडीखाली खाप्पकन! रगताची अशी चिळकांडी उडाली, माझं नवं धोतर... जाऊ द्या, धोतराचं काय घिऊन बसलाव!

सडकेपतुर गाडीनं, तिथनं मोटारीनं, निजामाची हद्द वलांडून सोलापूरला नेला. डाक्टरनं पोट फाडलं आन जिगराचा चेचलेला तिसरा हिस्सा कापूनच टाकला! महारुद्राची बायकू कस्तुराबाई भितीवर डोकं आपटाय लागली. तर डाक्टर कसा, थंड! "बाई, रडू नका. यकृत पुन्हा वाढतं. त्यात बारीक पेशी असतात, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार... जागा भरली की थांबतात. पण दारू पाजाल तर पेशी जळतील, वण पडतील, मग उरतील नुसत्या गाठी." आता बघा, रान वाटलं की निम्मं हुतं, आन ह्ये वाटलं की पुरं हुतं! उगवतंय म्हणं!

हिंमतराव तवा कोठडीत. त्याच्या कानावर गेलं तेवढंच, उगवतंय म्हणं! अदालतीत मुन्सफाला म्हनतो कसा, "हुजूर, त्येचं जिगर त्येला परत मिळालं. माझी कुऱ्हाड मातर अजून जप्त हाय. नुकसान कुनाचं?" शिपायानं असा कानशिलात जाळ काढला, राहिलेला दातबी हलला! पर महारुद्र उठला. म्हनला, "सरकार, म्याच पडलो कुऱ्हाडीवर. सोडा माझ्या भावाला."

सुटला की! भाईर येऊन थोरल्याच्या पायावर पडला, ढसाढसा रडला. आन आमच्याकडची रीत हाय, भांडण मिटलं की एका मडक्यातली शिंदी दोघांनी प्यायची. न्हाय म्हनलं की वैर शाबूत! हिंमतराव रोज सकाळी मडकं घिऊन हजर. थोरल्यानं हात आडवा केला की हा दगडावर कपाळ फोडून घ्यायचा, "म्हंजी अजून राग हाय व्हय दादा?" मग काय, महारुद्र प्यायचा. कस्तुराबाईनं मुसळानं तीन मडकी फोडली, चवथ्या खेपेला हिंमतरावाचं मनगाट फोडलं. दुसऱ्या दिशी गडी डाव्या हातात मडकं घिऊन आला! "वैनी, जीव का टांगताव? उगवतंय म्हणं!"

दोन वरसं. डोळं हळदीवानी, पोट टम्म, आन एक दिस रगताची उलटी. डाक्टरनं पोट चाचपलं, मान हलवली. "गाठी झाल्या. आता नाही भरून येणार." तसा हिंमतरावानं कमरंचा चाकू काढला आन सोताच्याच बरगडीखाली लावला, "माझं काढा! निम्मं त्येला घाला! माझं उगवंल!" चौघांनी आडवा पाडला, म्या तर छातीवर बसलो, तरी बोटभर घुसलाच. डाक्टर वरडला, "अरे, हे अजून जगात कुणाला जमत नाही!"

महारुद्रानं त्याच्या केसातनं हात फिरवला. "हिंमत्या, तुझी कुऱ्हाड पचली रं मला... माया न्हाय पचली." सांजच्याला गेला.

तेरावा झाला तसा हिंमतराव ठाण्यात जाऊन उभा. "फौजदारसाब, म्या भाऊ मारला. बांधा मला." फौजदार म्हनला, "हत्यार किधर है?" ह्यानं शिंदीचं मडकं मेजावर ठिवलं. फौजदारानं वाकून वास घेतला आन शिपायाला म्हनला, "इसको बाहर निकालो. मटका रहने दो."