ओढा ना दोरी, साहेब

— नाही नाही, बसा, साहेब, उठू नका. नातीची लाल पट्टी काढा म्हणायला आलात, ऐकलं मी. पण नियम कुणाचा? तुमचाच ना? सदोष नग पुढच्या टेबलावर जाता कामा नये — याच खोलीत, त्या फळ्यापाशी उभं राहून सांगितलं होतंत. आज माझं ऑफिस आहे, तेव्हा आमच्या यांचा वर्ग होता हा. नळाच्या कारखान्यातून थेट सरकारी शाळा सुधारायला आला होतात तुम्ही, दर्जा अधिकारी म्हणून! पोरं म्हणजे नग, आम्ही मास्तर-बाई म्हणजे यंत्रं, आणि वाचताना जो अडखळेल त्याच्या दंडाला लाल पट्टी, रवानगी व्हरांड्याच्या टोकाच्या दुरुस्ती-खोलीत. तेव्हा कुणाच्या आईचं ऐकलंत? मग आता स्वतःच्या नातीच्या वेळी का बरं जीव कासावीस होतोय?

आणि ती दोरी — आठवते? ती काय, दाराशी लोंबतेय. वर्गावर्गात बांधलीत. म्हणालात, कुठं काही बिघडलं की बेधडक ओढा, घंटा वाजेल, अख्खी शाळा थांबेल, सगळे मिळून चूक शोधू, शिक्षा कुणालाच नाही. बाकीचे मास्तर बेरकी, कुणी बोट लावलं नाही. आमचे हे मात्र भोळा सांब — खरं मानलं त्यांनी! पोराला भागाकार कळला नाही, ओढ दोरी. पोरगी उपाशीपोटी डुलक्या घेतेय, ओढ दोरी. घरी येऊन कौतुकानं सांगायचे हो, साहेब स्वतः धावत आले म्हणून. आणि वर्षाअखेरीला तुम्ही काय केलंत? ज्याच्या वर्गात जास्त घंटा वाजल्या तोच बिघाड, असं सगळ्यांसमोर जाहीर केलंत. यांच्याच दंडाला लाल पट्टी बांधलीत — गंमत म्हणून, हो ना? पोरं हसली. हेही हसले. दुसऱ्या दिवसापासून शाळेची पायरी चढले नाहीत. अजून घरीच आहेत, खिडकीपाशी बसतात, जेवा म्हटलं की जेवतात.

मी मात्र येत राहिले. चकार शब्द काढला नाही. गोड बोलत, मान हलवत मुख्याध्यापिका झाले — म्हटलं, कधी ना कधी या साहेबाचं कुणीतरी येईलच माझ्या टेबलासमोर. आली! तुमची ठमी. काय धीट पोर हो — अख्खा धडा वाचला घडाघडा, वर मलाच विचारते, बाई, पुढचा वाचू का — म्हणजे... अडखळली. एके ठिकाणी अडखळली. असं काय बघताय? अडखळली म्हणते ना मी!

बरं, नाही अडखळली. जा, सांगा कुणाला सांगायचं ते. पहिली तपासणी तीच शेवटची, फेरतपासणी नाही — हाही तुमचाच नियम, मी नाही केला. घरी रडते का ती? रडू दे. त्या खोलीतही खिडकीकडे तोंड करून बसते, पट्टी बाहीखाली लपवते... आमच्या यांना नाही सांगितलेलं मी अजून. काल विचारत होते, आज कुणाला बसवलं गं दुरुस्तीला? म्हटलं, कुणाला नाही. त्यांना कळलं ना, तर माझ्या हातचं जेवायचे नाहीत ते.

कुठं निघालात? दोरीकडे? ओढा ना. कुणीही ओढावी, म्हणाला होतात. अजून ओढा — जोर लावा की! नाही ना वाजत? आमचे हे गेल्यावर वरची घंटेची तार तुम्हीच कापायला लावलीत, साहेब. दोरी तेवढी राहू द्या म्हणालात, पाहुण्यांना दाखवायला.

सोडा ती आता. आणि जाताना दार नीट लोटून घ्या — दुरुस्ती-खोलीतला आवाज इथपर्यंत येतो.