दुसऱ्या रकान्यातलं बूच

जबाब देणार: पुरुष, वय ५८ वर्षे, धंदा लिफ्ट दुरुस्ती, दोन वर्षांपासून निवृत्त. राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, चौथा मजला. घरात दुसरं कोणी राहत नाही. कामावरचे लोक मला लिफ्टमामा म्हणतात. तेही लिहून घ्या असं हवालदार म्हणाले, कारण बोटीतून तरंगत आलेल्या दोन्ही डब्यांवर तेच नाव रंगवलेलं आहे.

मी आज ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, आज सकाळी जलाशयात बुडालेली पांढरी फायबरची बोट माझी आहे. ती बुडाली तेव्हा तिच्यात मी एकटा होतो. दुसरी व्यक्ती नव्हती. हे मी काठावर तीनदा सांगितलं, गाडीत एकदा आणि इथे आल्यावर पुन्हा एकदा. तरी दहा वाजल्यापासून दोन पाणबुडे माझ्या मुलीला शोधत आहेत. ते थांबावेत म्हणून हा जबाब देत आहे.

ही बोट एका तलावाकाठच्या हॉटेलची. त्या हॉटेलच्या लिफ्टचं काम माझ्याकडे होतं. मुलगी सात वर्षांची असताना एका सुट्टीच्या दिवशी तिला बरोबर नेलं होतं. बोट तेव्हा नवीकोरी होती, बाजूला निळा पट्टा. काम झालं की एक फेरी मारू असं मी तिला कबूल केलं. काम संपलं तेव्हा बोटवाला घरी गेला होता. ती दोन तास बांधलेल्या बोटीत, गुडघ्यापर्यंत येणारं लाइफ जॅकेट घालून बसून होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

मागच्या वर्षी ते हॉटेल बंद झालं. जुनी लिफ्ट उतरवताना मदतीला या म्हणून मला बोलावलं, तेव्हा जनरेटरच्या खोलीमागे तीच बोट उपडी पडलेली दिसली. आतून झुडूप उगवलं होतं. मालक म्हणाले, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल.

बोट दुरुस्त करण्याची माझी ही पहिलीच वेळ. टायरवाल्याच्या शेडमध्ये अर्धी जागा घेतली. टायरवाला म्हणाला, "लिफ्टमामा, जन्मभर वर-खाली केलंत, आता आडवं जायचा विचार दिसतोय." मी हसलो नाही. विनोद बरा होता.

आतली लाकडी जमीन हाताने उपटली जाईल इतकी कुजली होती. मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, तीही गेलेली होती. दोन्ही ग्राइंडरने कापून काढली. फायबरची ती धूळ अंगात शिरते. आठवडाभर कुशीवर वळलो की टोचायचं. फायबर चिकटवायच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर जास्त पडल्यामुळे पहिलं मिश्रण मगातच दगड झालं आणि तो प्लास्टिकचा मग वितळून बाकाला चिकटला. तो अजून तिथेच आहे. दुसऱ्या वेळी फायबरच्या कापडाखाली हवा राहिली, सगळं फाडून पुन्हा केलं. नाकी नऊ आले, खोटं कशाला बोलू. पण चौदा महिन्यांत एकही दिवस असा गेला नाही की सकाळी उठून आज काय करायचं हा प्रश्न पडला. त्याआधीच्या दहा महिन्यांत तो रोज पडायचा.

दोन लाइफ जॅकेट, दोन डबे, दोन कप का होते, असं विचारल्यावरून सांगतो. आमच्या कामात एकटा माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरत नाही. एक खाली, एक वर. कामं दोघांत वाटलेली असतात आणि एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, म्हणजे दोघांनी केलं समजून कोणीच केलं नाही असं होत नाही. एकतीस वर्षं असंच केलं. त्यामुळे मी सगळं दोन-दोन घेतो, असं मी काठावर हवालदारांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. दुसरं जॅकेट मी मध्यम मापाचं घेतलं, ते अंदाजाने. दुकानदाराने मुलीचं वजन विचारलं तेव्हा मला ते सांगता आलं नव्हतं.

जलाशयाच्या फाटकावर खाजगी बोटीवर किमान दोन माणसं हवीत असा नियम आहे. तो मला आधीपासून माहीत होता. सात चाळीसला पहारेकऱ्याच्या नोंदवहीत मी 'एकूण व्यक्ती' खाली दोन लिहिलं. स्वतःचं नाव, मग मुलीचं नाव, नातं, फोन नंबर. पहारेकऱ्याने मुलगी कुठे आहे असं विचारलं. ती पायवाटेने पुढे धक्क्यावर गेली आहे असं मी सांगितलं. हे खोटं होतं. त्याचा यात काडीचा दोष नाही, त्याची नोकरी जाऊ नये. नोंदवहीत दोन्ही नावं एकाखाली एक बघून बरं वाटलं.

बोटीत चिकटवलेला, पाणबुड्यांनी वर आणलेला कागद मला दाखवला. अक्षर माझंच आहे. पाण्यात उतरण्याआधी करायची कामं दोन रकान्यांत लिहिली आहेत. पहिला रकाना माझा: इंधन, बॅटरी, किल्ली, दोर. दुसऱ्या रकान्यावर मुलीचं नाव आहे: जॅकेट, डबे, बूच. हे बूच म्हणजे बोटीच्या मागे तळाशी साचलेलं पाणी काढायला भोक असतं, त्याचं झाकण. बोट जमिनीवर असताना ते उघडं ठेवतात, पाण्यात उतरवण्याआधी लावतात.

मी पहिला रकाना पूर्ण केला, प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. दुसऱ्यातले जॅकेट आणि डबे आदल्या दिवशीच ठेवले होते. बूच राहिलं. ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मी मागे एकदा वळून बघितलंसुद्धा, पण ते काम दुसऱ्याचं.

आठ दहाला बोट उतरवली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. बोट वेगात होती तोवर काही कळलं नाही, पाणी मागच्या मागे निघून जात होतं. मध्यावर जाऊन इंजिन बंद केलं. चहा काढला. दोन्ही कपांत ओतला. तेव्हा पाय ओले झाले. पुढचं सगळं पाच मिनिटांत आटोपलं. काठावर जाळं विणत बसलेल्या बाईंनी होडी आणून मला जॅकेटला धरून ओढून घेतलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दुसरं कोण होतं? समोर रिकामं जॅकेट तरंगत होतं.

नोंदवहीतला नंबर बंद लागतो, त्याबद्दल विचारलं. माझ्याकडे तोच आहे. मुलगी आता एकोणतीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात असते. तीन वर्षांत बोलणं नाही. कारण विचारल्यावरून सांगतो, तिने घर बदललं त्या दिवशी सामान उचलायला येतो म्हणालो होतो. अडकलेल्या लिफ्टचा फोन आला आणि तिकडे गेलो. काम होईपर्यंत माझा फोन बंद होता. तेवढ्यावरून कोणी बोलणं सोडत नाही. त्याआधीचंही बरंच होतं. बोटीबद्दल तिला कळवलं होतं का? नाही. आधी पूर्ण करू, मग कळवू असं ठरवलं होतं. तिने अर्धवट कामं माझी फार बघितली आहेत.

हवालदार म्हणाले, मुलगी गमावलेला बापही धक्क्यात ती आलीच नव्हती असंच म्हणतो. मुलगी जिवंत असल्याचं कोणीतरी सांगितल्याशिवाय शोध थांबवता येत नाही. म्हणून मी तिच्या आईचा नंबर दिला. आम्ही नऊ वर्षांपूर्वी वेगळे झालो. तिच्या आईने मुलीचा नवा नंबर सांगितला, तो हवालदारांनी कागदावर लिहिला. कागद टेबलावर माझ्यासमोर उलटा होता. मी तो वाचला नाही.

एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन लागला. आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला होता. तुम्ही आज सकाळी वडिलांबरोबर बोटीवर होतात का, असं हवालदारांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "कोणती बोट?"

हवालदारांनी सगळं सांगितलं. पांढरी, निळ्या पट्ट्याची, असंही सांगितलं. तिने विचारलं, "ती हॉटेलची?" माझ्याकडे बघून हवालदारांनी हो म्हटलं.

"त्यांना पोहता येत नाही," ती म्हणाली. "आत्ता त्यांच्याबरोबर कोण आहे?"

हवालदार म्हणाले, "आम्ही आहोत."

तिने ठाण्याचा पत्ता विचारला. कशासाठी ते बोलली नाही, हवालदारांनीही विचारलं नाही. एक वाजून पन्नास मिनिटांनी पाणबुड्यांना वर बोलावलं. बोट तळाशी धड आहे असं ते म्हणतात.

फाटकावरची नोंदवही इथे आणली होती. तिच्यातला दोनचा आकडा खोडून मी एक लिहिला आणि बाजूला सही केली. बूच जमा केलं आहे, बोट वर काढली की परत मिळावं. मला आता जायला हरकत नाही असं सांगण्यात आलं. तिच्या शहरातून इथे यायला गाडीने पाच तास लागतात. मी बाहेरच्या बाकावर बसतो असं सांगितलं आहे.

हा जबाब मला माझ्या भाषेत सावकाश वाचून दाखवला. त्याला जोडलेल्या कागदावरचा मुलीचा नवा नंबरही मोठ्याने वाचण्यात आला. तो मी दोनदा वाचायला लावला. नंबर बरोबर आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण आजपर्यंत तो मला माहीत नव्हता. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.